वर्षाचा जमाखर्च

लेखकाची व्यापाऱ्याशीं तुलना केली तर लेखकास ती सहसा आवडत नाहीं. तथापि एका बाबतींत व्यापारी लेखकाहून अधिक प्रामाणिक असतो, हें कबूल केलें पाहिजे. लक्ष्मीपूजनाच्या सुमारास जुनी वही मिटावी, नवी वही पुजावी आणि पाडव्यास तिच्यांत पहिली नोंद करावी, ही रीत आमच्या पुण्याच्या पेठांतील दुकानांतून पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. त्या वहींत जमेची बाजू असते, तशी नांवेंची बाजूही असते. आणि दोहोंचा ताळा जमल्यावांचून जुन्या काळचे दिवाणजी दिवा मालवीत नसत. आम्हां लिहिणाऱ्यांचीही वर्षें संपतात. किंबहुना आमच्या वांट्यास वर्षारंभ अधिक येतात. चैत्रांतील पाडवा आमचा, कार्तिकांतील पाडवाही आमचा, आणि इंग्रजी शिक्षणाच्या कृपेनें पहिली जानेवारीही आमचीच. वर्षांतून तीन वेळां नव्यानें आरंभ करण्याची अशी सवलत असतांही ताळा मात्र आमचा एकदांही जमत नाहीं.

हा विषय सुचण्यास कारण घरगुती घडलें. मध्यंतरीं कपाट आवरतांना आमच्या सात जुन्या दैनंदिनी एकत्र हातीं लागल्या. दर डिसेंबरांत अप्पा बळवंत चौकांतून एक दैनंदिनी विकत आणावी आणि तिच्या पहिल्या पानावर येत्या वर्षाचा संकल्प लिहावा, असा आमचा परिपाठ आहे. सातांपैकीं पांच दैनंदिनींच्या पहिल्या पानावर एकच वाक्य जवळजवळ त्याच शब्दांत आढळलें: यंदा मराठी टीकेच्या इतिहासावरील पुस्तक पुरें करणें. सहावींत 'पुरें करणें' याच्या जागीं 'आरंभ करणें' असा बदल झालेला होता, आणि सातवीचें पहिलें पान कोरें होतें. पुस्तकाची स्थिति पहिल्या दैनंदिनीच्या वेळीं जी होती तीच आज आहे. म्हणजे पुस्तक नाहीं. परंतु त्याच सात वर्षांत निरनिराळ्या मासिकांतून आमचे चाळीसांच्या वर लेख प्रसिद्ध झाले, आणि त्यांपैकीं एकाचाही उल्लेख कोणत्याही पहिल्या पानावर नाहीं. जें करूं म्हणून लिहिलें तें झालें नाहीं. जें झालें तें करूं म्हणून कोठें लिहिलेंच नव्हतें. ही विसंगति केवळ आमच्या आळसाची कथा असती तर ती वाचकांपुढें मांडण्याचें प्रयोजन नव्हतें. आमच्या एकंदर वाङ्मयव्यवहाराशीं तिचा संबंध आहे असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहों.

वर्षअखेरीस लिहिल्या जाणाऱ्या लेखांचा आपल्याकडे आतां एक स्वतंत्र वाङ्मयप्रकारच झाला आहे. त्याचीं अंगें दोन. मागें पाहण्याचें अंग, त्यास सिंहावलोकन म्हणतात. आणि पुढें पाहण्याचें अंग, त्यास संकल्प म्हणतात. पैकीं सिंहावलोकन हा शब्द आपण फार सैलपणें वापरतों. सिंह मागें वळून पाहतो तो आपली चाल किती डौलदार झाली हें पाहण्यासाठीं नव्हे. मागें कोण राहिलें आणि मागून कोण येत आहे, हें पाहण्यासाठीं तो मान वळवितो.

या प्रकाराचा उगम शोधूं जातां १८६७ हें साल लक्षांत घेण्यासारखें दिसतें. त्या वर्षींच्या पंचविसाव्या कायद्यानें देशांत छापून निघणाऱ्या पुस्तकांची नोंद सरकारदफ्तरीं होऊं लागली, आणि त्या नोंदींवरून तिमाही याद्या तयार होऊं लागल्या. त्याच वर्षीं मुंबईस रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांच्या संपादकत्वाखालीं 'विविधज्ञानविस्तार' हें मासिक सुरू झालें. तें पुढें १९३७ पर्यंत चाललें, आणि मराठी पुस्तकपरीक्षणास जें वळण लागलें त्यांत त्याचा वांटा मोठा आहे. सारांश, एकाच वर्षीं मोजणाऱ्याच्या हातीं यादी आली आणि तोलणाऱ्याच्या हातीं तराजू आला. न्यायमूर्ति रानडे यांनीं १८९८ सालीं मराठी वाङ्मयाच्या वाढीविषयीं जें इंग्रजी टिपण लिहिलें, त्यांत पुस्तकांची संख्या आणि पुस्तकांची योग्यता या दोहोंचा विचार आहे. मोजल्यावांचून तोलूं नये आणि नुसतें मोजून थांबूं नये, हा धडा त्या टिपणावरून घेण्यासारखा आहे.

आजच्या वार्षिक समालोचनांत पहिली क्रिया यथासांग होते आणि दुसरी वगळली जाते, असें आम्हांस खेदानें म्हणावें लागतें. अमुक इतक्या कादंबऱ्या, तमुक इतके कवितासंग्रह, भाषांतरें मुबलक, नाटकें थोडीं. नंतर पांचपंचवीस नांवें, आणि प्रत्येक नांवामागें 'लक्षणीय', 'आश्वासक', 'दखल घेण्याजोगें' यांपैकीं एक विशेषण. हीं विशेषणें कोणासच दुखवीत नाहींत, कारण तीं कांहींच सांगत नाहींत. अशा लेखाची एक सोपी कसोटी आम्हीं ठरविली आहे. लेखाच्या माथ्यावरील साल खोडून तेथें दुसरें घालावें, पुस्तकांचीं नांवें बदलावीं, आणि उरलेल्या मजकुरांत एकही शब्द बदलावा लागत नाहीं असें आढळलें तर तें समालोचन नव्हे, छापील नमुना समजावा. या कसोटीस आमचे स्वतःचे दोन जुने लेखही उतरले नाहींत, हें सांगून टाकलेलें बरें.

आतां संकल्पाकडे वळूं. पुण्याच्या इतिहासांत जानेवारी महिन्याचें माहात्म्य कांहीं और आहे. जोतीराव फुले यांनीं भिडे वाड्यांत मुलींची शाळा काढली, तिची तारीख सामान्यतः १ जानेवारी १८४८ अशी सांगण्यांत येते. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची 'निबंधमाला' १८७४ च्या जानेवारींत सुरू झाली. न्यू इंग्लिश स्कूल १८८० च्या वर्षारंभीं उघडलें. 'केसरी'चा पहिला अंक ४ जानेवारी १८८१ रोजीं, मंगळवारीं, निघाला. फर्ग्युसन कॉलेज २ जानेवारी १८८५ रोजीं सुरू झालें. गेल्या शतकांतील आणि त्याच्याही मागील शतकांतील पुण्याचा बौद्धिक इतिहास या चारपांच तारखांभोंवतीं पुष्कळसा गुंफतां येईल. यांत योगायोगाचा भाग असेल. परंतु या सर्व आरंभांत एक साम्य आहे, तें योगायोगाचें नव्हे. यांपैकीं एकाही आरंभाचें रूप 'यंदा देशाची सेवा करणें' किंवा 'यंदा भाषेचें संवर्धन करणें' अशा मोघम प्रतिज्ञेचें नव्हतें. हेतु अर्थातच मोठे होते. पण वर्षारंभीं जें सुरू झालें तें ठराविक काळानें पुनः पुनः करावयाचें आणि केलें नाहीं तर दुसऱ्यास दिसून येणारें असें लहान कर्म होतें. अंक महिन्यास निघावयाचा. पत्र मंगळवारीं निघावयाचें. वर्ग घंटा झाली कीं भरावयाचा.

'निबंधमाले'चें उदाहरण अधिक बारकाईनें पाहण्याजोगें आहे. शास्त्रीबुवांनीं ती सुरू केली तेव्हां त्यांचें वय चोविसांच्या आंत होतें आणि ते सरकारी शाळेंत शिक्षक होते. पहिल्याच अंकापासून त्यांनीं मराठी भाषेच्या तत्कालीन स्थितीचा विचार हातीं घेतला. म्हणजे आरंभच सिंहावलोकनानें केला. मात्र त्या अवलोकनाचा शेवट त्यांनीं 'इतरांनीं असें करावें' या उपदेशावर ठेवला नाहीं. पुढच्या महिन्याचा अंक स्वतः लिहिला. असे सात वर्षांचे ८४ अंक त्यांनीं जवळजवळ एकहातीं काढले. १८८२ च्या मार्चांत ते वारले तेव्हां त्यांस बत्तिसावें वर्षही पुरें झालें नव्हतें. मोठा ग्रंथ लिहीन असा संकल्प करून ते बसले असते तर तो ग्रंथ झाला असता कीं नाहीं, हें कोणी सांगावें? महिन्याच्या अंकानें मात्र तो त्यांच्याकडून लिहवून घेतला. कारण ती 'माला' आज आपण वाचतों ती एक ग्रंथ म्हणूनच वाचतों.

याच 'माले'ंत शास्त्रीबुवांनीं डॉक्टर जॉन्सन याचें विस्तृत चरित्र लिहिलें. त्याच्या 'रासेलस'चें मराठी भाषांतर त्यांचे वडील कृष्णशास्त्री यांनीं आरंभिलें व पुत्रानें पुरें केलें, हेंही वाचकांस ठाऊक असेल. संकल्पांच्या बाबतींत जॉन्सनसारखा बोधप्रद मनुष्य आम्हांस दुसरा आढळला नाहीं. त्याच्या मरणानंतर १७८५ सालीं त्याच्या प्रार्थना आणि मनन यांचें जें पुस्तक प्रसिद्ध झालें, तें वाचतांना आमच्या सात दैनंदिनींची आठवण झाल्यावांचून राहिली नाहीं. सकाळीं लवकर उठावें, वेळ नेमस्तपणें घालवावा, आळस सोडावा, हे निश्चय तो वर्षारंभीं करतो, ईस्टरच्या सणास करतो, स्वतःच्या वाढदिवशींही करतो. आणि पुढच्या खेपेस मागचा निश्चय मोडल्याबद्दल खेद करून पुनः तोच लिहितो. हाच मनुष्य १७५० पासून १७५२ पर्यंत दोन वर्षें दर मंगळवारीं आणि शनिवारीं 'रॅम्ब्लर'चा अंक काढीत होता. २०८ अंकांपैकीं चारपांच सोडून बाकीचे सर्व त्याचे स्वतःचे आहेत. अंथरुणांतून वेळेवर उठूं न शकणारा मनुष्य मंगळवार चुकवीत नाहीं, याचा अर्थ काय? आमच्या मतें अर्थ सरळ आहे. लवकर उठण्याचा निश्चय त्याचा त्याच्याशींच होता, आणि स्वतःचा सावकार स्वतः झालेला मनुष्य तगादा कधींच लावीत नाहीं. मंगळवारच्या अंकामागें छापखाना उभा होता, वाचक उभा होता.

येथें कोणी असा आक्षेप घेईल कीं, हप्त्यानें लिहिलेलें तें हप्त्याच्या योग्यतेचेंच होणार; प्रतिभा कांहीं तारखेवर प्रकट होत नाहीं. आक्षेप अर्धा खरा आहे. कवीस आम्ही हप्ता बांधून देत नाहीं, आणि उत्तम कादंबरी दहा वर्षांनीं आली तरी तिचें स्वागतच करूं. परंतु टीका, संशोधन, कोशरचना, अध्यापन हीं कामें प्रतिभेपेक्षां इमानावर अधिक चालतात, आणि आमच्या वाङ्मयाची वार्षिक तूट मुख्यतः याच खात्यांत आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मोठीं कामें वर्षाच्या मापांत बसत नाहींत, मग वर्षअखेरीस त्यांचा हिशेब कसा मागावा? जॉन्सननेंच कोशाचा करार १७४६ सालीं केला तेव्हां तीन वर्षांची मुदत धरली होती. कोश निघाला १७५५ सालीं. याहून मोठें उदाहरण आमच्या शहरांत आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेनें महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें काम १९१९ सालीं डॉक्टर भांडारकरांच्या हस्तें आरंभिलें. ज्यांच्या हस्तें आरंभ झाला ते १९२५ सालीं गेले. पहिला भाग १९२७ सालीं हातीं आला, आदिपर्व १९३३ सालीं पुरें झालें. ज्या विष्णु सीताराम सुखटणकरांनीं या संपादनाची पद्धति घालून दिली, ते १९४३ सालीं वारले. मग डॉक्टर बेलवलकर, त्यांच्यामागून डॉक्टर परशुराम लक्ष्मण वैद्य. आणि काम पुरें झालें १९६६ सालीं. १२५९ हस्तलिखितें, १९ खंड, आणि मध्यें सत्तेचाळीस वर्षें. दर डिसेंबरास 'महाभारत पुरें झालें काय' एवढाच प्रश्न विचारला असता तर सत्तेचाळीस वेळां 'नाहीं' असेंच उत्तर मिळालें असतें, आणि प्रत्येक वेळीं तें उत्तर अन्यायाचें ठरलें असतें.

हें काम तरलें कशानें? एक तर तें भागाभागांनीं प्रसिद्ध होत गेलें. प्रत्येक भाग छापला कीं तेवढा हिशेब जगापुढें मांडला जाई. दुसरी गोष्ट आम्हांस त्याहून मोलाची वाटते. संहितेंतील ज्या पाठाविषयीं संपादकांस खात्री नव्हती, त्या पाठाखालीं त्यांनीं एक नागमोडी रेघ दिली आहे. वर्षानुवर्षें पोथ्या पडताळून पाहिल्यानंतर विद्वान मनुष्य छापील पानावर सांगतो कीं, येथें आमचा निश्चय होत नाहीं. वार्षिक हिशेबाचा याहून चांगला नमुना आम्हांस ठाऊक नाहीं. आमच्या समालोचनांत एक नागमोडी रेघ कोणी कधीं पाहिली आहे काय? आमचे सर्व अभिप्राय ठाम असतात आणि पुढच्या वर्षीं ते सर्व विसरले जातात.

येथवर आम्हीं हप्त्याची आणि हिशेबाची तरफदारी केली. परंतु हिशेबनिसाची दृष्टि अधू असेल तर नियमित हिशेबही खोटा ठरतो, हें विसरून चालणार नाहीं. आणि त्याचें उदाहरणही दुर्दैवानें 'निबंधमाले'ंतच आहे. ज्या शहरांत 'माला' निघत होती त्याच शहरांत फुल्यांची 'गुलामगिरी' १८७३ सालीं प्रसिद्ध झालेली होती. शास्त्रीबुवांनीं फुल्यांच्या लेखनाकडे पाहिलें तें मुख्यतः त्याची भाषा आणि व्याकरण यांची थट्टा करण्यासाठीं. मराठी भाषेच्या स्थितीचा विचार करावयास निघालेल्या टीकाकारास, त्या भाषेंत एक सबंध न बोललेला समाज बोलूं लागला आहे, ही त्या दशकांतील सर्वांत मोठी नोंद दिसली नाहीं. अशुद्ध शब्द त्यांनीं मोजले. शब्दांमागील दुःख तोललें नाहीं. शास्त्रीबुवांविषयीं आमच्या मनांत आदर आहे, आणि म्हणूनच ही नांवेंची बाजू लपविणें आम्हांस योग्य वाटत नाहीं.

पुढची गोष्ट याहून विचार करावयास लावणारी आहे. 'शेतकऱ्याचा असूड' हें पुस्तक फुल्यांनीं १८८३ सालीं लिहून पुरें केलें. परंतु तें सबंध छापलेलें पाहणें लेखकाच्या नशिबीं आलें नाहीं. म्हणजे त्या सालची पुस्तकांची यादी कितीही काळजीपूर्वक केली असती, तरी जें पुस्तक आज त्या वर्षाचें भूषण वाटतें त्याची तींत नोंद होणें शक्यच नव्हतें. दोन वर्षांनीं, १८८५ सालीं, पुण्यास ग्रंथकारांची दुसरी सभा भरावयाची होती. तिचें निमंत्रण फुल्यांनीं पत्र लिहून नाकारलें. जे लोक इतरांचे माणुसकीचे हक्क व्यवहारांत मानीत नाहींत, त्यांच्या सभांशीं आणि पुस्तकांशीं आमचा मेळ बसणार नाहीं, असा त्या पत्राचा आशय आहे. ज्या वहींत आपलें नांवच नाहीं तिच्या पूजेस जाण्याचें त्यांनीं नाकारलें, इतकाच त्याचा अर्थ. आणि आजच्या प्रत्येक समालोचकानें तें पत्र वर्षअखेरीस एकदां वाचावें, अशी आमची सूचना आहे.

सभांचा विषय निघाला आहे म्हणून ठरावांविषयीं दोन शब्द. साहित्यसंमेलनांचे ठराव हे एका अर्थीं आमच्या भाषेचे वार्षिक संकल्प होत. ते सर्व वांझ असतात असें म्हणणें रूढ झालें आहे. तें खरें नाहीं. १९४६ सालीं बेळगांवच्या संमेलनांत संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला आणि १ मे १९६० रोजीं महाराष्ट्र राज्य झालें. मात्र ज्या बेळगांवांत तो ठराव झाला तें बेळगांव बाहेरच राहिलें. सिद्धि झाली, आणि ज्यांच्या अंगणांत संकल्प सोडला त्यांच्याच हातीं ती आली नाहीं. ही नोंद कोणत्या बाजूस लिहावी, जमेस कीं नांवें? प्रामाणिक हिशेबनीस ती दोन्ही बाजूंस लिहील. अभिजात भाषेच्या दर्जाची मागणीही वर्षानुवर्षें होत राहिली, आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं तो दर्जा मिळाला. आनंद सर्वांसच झाला, आम्हांसही झाला. परंतु दर्जा ही दुसऱ्यानें द्यावयाची वस्तु आहे. वाचणें, शिकविणें, परीक्षण लिहिणें हीं आपण करावयाचीं कामें आहेत. दुसऱ्याकडून मागावयाचे ठराव आपण फार हौसेनें करतों, कारण ते फसले तर दोष दुसऱ्याचा असतो. स्वतःवर घालावयाचा ठराव अजून आम्हीं कोणत्याही व्यासपीठावर टाळ्यांच्या गजरांत मंजूर झालेला पाहिला नाहीं.

तेव्हां उपदेश पुरे करून हा ठराव आम्ही आपल्यावरच घालतों. टीकेच्या इतिहासावरील पुस्तकाचा संकल्प यंदाच्या दैनंदिनीच्या पहिल्या पानावर आम्हीं लिहिलेला नाहीं. त्याऐवजीं, पुणें-मुंबईबाहेर छापलेलें आणि जेथें सहसा कोणाची नजर जात नाहीं तेथून आलेलें एक मराठी पुस्तक दर महिन्यास वाचून त्याचें परीक्षण दहा तारखेच्या आंत या मासिकाच्या संपादकांकडे पोंचवावें, असें ठरविलें आहे. संपादकांस तसें लेखी कळविलें आहे, म्हणजे तगाद्याची सोय झाली. या परीक्षणांत 'लक्षणीय' हा शब्द येणार नाहीं, आणि जेथें आमचा निर्णय होत नसेल तेथें तो होत नाहीं असें उघड लिहूं. बारांपैकीं किती झालीं, किती चुकलीं आणि कोणतें पुस्तक आम्हांस मुळींच दिसलें नाहीं, याचा हिशेब वर्षअखेरीस याच पानांवर देऊं. शेवटची बाब आमची आम्हांस कळणारी नसल्यामुळें ती वाचकांनींच कळवावी लागेल. या बारा परीक्षणांतून जुन्या पुस्तकाचें एखादें प्रकरण निघालें तर तें जमेस धरूं. न निघालें तरी तक्रार नाहीं.

ताळा जमेल असें आश्वासन आम्ही देत नाहीं. न जमला तर किती रकमेनें चुकला, एवढें सांगितल्यावांचून दिवा मालवणार नाहीं.